शनिवार-रविवार क्वालालंपूर: एकटीने आणि बेताच्या खर्चात

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली, तेव्हापासून क्वालालंपूर माझ्या मनात होतं. बँकॉक आणि कोलंबोचाही विचार केला होता. पण मला असं शहर हवं होतं जिथे टॅक्सीशिवाय सगळीकडे जाता येईल आणि रात्री नऊ वाजता एकटी बाई टेबल अडवून निवांत जेवली तरी कुणी वळून बघणार नाही. क्वालालंपूर त्यात चपखल बसलं.

सगळ्यात जास्त डोकं लावलं ते तिकिटाला. अगदी स्वस्त तिकिटं दिसत होती, पण एक शनिवारी दुपारी पोहोचवणारं, दुसरं मध्ये कुठेतरी सहा तास बसवून ठेवणारं. हातात दोनच दिवस असतील तर उजेडाचा एकेक तास पैशापेक्षा महाग असतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून दीडेक हजार जास्त मोजून मुंबईहून शुक्रवारी रात्री निघणारं आणि रविवारी संध्याकाळी परतणारं थेट विमान घेतलं. सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक, घरच्या काट्यावर तोलून सात किलोच्या आत बसवलेली. बॅग चेक-इन केली की पैसेही जातात आणि पट्ट्यापाशी ताटकळण्यात वेळही जातो.

मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. शोधायला गेलं की पैसे मागणाऱ्या साइटही समोर येतात, तेव्हा मलेशियन इमिग्रेशनची सरकारी साइटच उघडा. परतीचं तिकीट आणि हॉस्टेलचं बुकिंग मी छापून नेलं होतं. क्वालालंपूरला इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद पाहिले, किती दिवस राहणार ते विचारलं, दोन्ही तर्जन्यांचे ठसे घेतले आणि शिक्का मारला. बाहेर पडल्या पडल्या आईला मेसेज टाकला. दर दोन-तीन तासांनी लोकेशन पाठवायचं, एवढीच तिची अट होती.

विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे, आणि बजेट बिघडतं ते इथेच. केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची ट्रेन ५५ रिंगिट घेते आणि अर्ध्या तासात केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनला सोडते. बसला १५ रिंगिटच्या आसपास पडतात, वेळ तासभर. रिंगिट साधारण वीस रुपयांचा धरा. शनिवारी सकाळी रस्ते मोकळे, म्हणून जाताना बस घेतली. येताना रविवार संध्याकाळ, त्यात तिथला दुपारनंतरचा धुवाधार पाऊस. तेव्हा मुद्दाम ट्रेन घेतली. विमान चुकण्याच्या धास्तीत शेवटचे दोन तास घालवण्यापेक्षा चाळीस रिंगिट जास्त गेलेले परवडले.

हॉस्टेल चायनाटाऊनमधल्या पेटालिंग स्ट्रीटजवळ, बायकांच्या डॉर्ममध्ये एक बेड. विदेशी पाहुण्यांकडून तिथे पर्यटन कर घेतात, खोलीमागे रात्रीला १० रिंगिट. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. सॅक लॉकरमध्ये टाकली, तोंड धुतलं आणि निघाले.

शनिवार मी पायी फिरण्यात घालवला. गोंबाक आणि क्लांग या नद्यांच्या संगमावर मस्जिद जामेक आहे, १९०९ सालची. बाहेर अंगभर झगा देतात, तो घालून आत जाता येतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती, कांद्याच्या आकाराचे घुमट. ब्रिटिश वास्तुकार हबक यांनी हिंदुस्थानातली मुघल घडण समोर ठेवून ती बांधली. मुंबईचं जीपीओ किंवा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम पाहिलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटत नाही. तिथून चालत मर्डेका चौक. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटिशांचा झेंडा इथेच उतरला. समोर १८९७ ची सुलतान अब्दुल समद इमारत. या सगळ्याला तिकीट म्हणून एक पैसा लागला नाही.

जेवायचं म्हणजे मामाक. तमिळ मुसलमानांची ही हॉटेलं, बरीचशी चोवीस तास उघडी. तिथला रोटी चनाई करणारा माणूस मी कितीतरी वेळ बघत उभी होते. तेलात मुरलेला मैद्याचा गोळा तो हवेत भिरकावतो, तो ओढणीसारखा पातळ पसरतो, मग चौकोनी घडी घालून तव्यावर. भाजून झाली की दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवावी तशी चेपतो, आणि तिचे पापुद्रे सुटतात. सोबत डाळ आणि वरून ओतून फेस आणलेला तेह तारिक, म्हणजे दुधाचा चहा. बिल दहा रिंगिटच्या आत. शाकाहारी मंडळींनी केएल सेंट्रलला लागून असलेल्या ब्रिकफील्ड्समध्ये जावं. केळीच्या पानावर भात, भाज्या, सांबार, रसम, पापड असं व्यवस्थित वाढतात.

पेट्रोनास टॉवर्सच्या वर जायचं तिकीट मी काढलं नाही, आणि तुम्हीही पहिल्या खेपेला काढू नका. ४५२ मीटरचे ते मनोरे खालच्या केएलसीसी बागेतून बघण्यातच मजा आहे. रात्री तळ्यात कारंजांचा खेळ असतो, तोही फुकट. पाऊस आला तरी तिथून बुकित बिंतांग या बाजारपेठेच्या भागापर्यंत वरून झाकलेला, एसी पादचारी पूल आहे.

रविवारी सकाळी बाटू केव्ह्ज, गुहेतलं देऊळ. केएल सेंट्रलहून कोम्युटर ट्रेन थेट पायथ्याशी जाते, भाडं तीन रिंगिटच्या आत. ट्रेनमध्ये गुलाबी पाट्यांचा बायकांचा डबा असतो. ठाण्याहून रोज लेडीज डब्याने जाणारी मी, तिथे चढले आणि एकदम निश्चिंत झाले. पायथ्याशी मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती, आणि २०१८ मध्ये रंगवलेल्या २७२ पायऱ्या. गुडघे झाकलेले हवेत. प्लास्टिकची पिशवी हातात ठेवू नका, माकडं ती ओढतातच. वर चुनखडीची प्रचंड गुहा आहे. तिच्या छताला भगदाड पडलंय, त्यातून ऊन थेट देवळावर उतरतं. आठच्या सुमाराला गेले म्हणून ते शांतपणे बघता आलं. उतरताना पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या.

खर्चाचं सांगायचं तर विमान साडेसतरा हजार. तिथला सगळा खर्च, म्हणजे बस-ट्रेन, बेड, खाणं, मिळून २२० रिंगिटच्या आसपास, म्हणजे साडेचार हजार. ई-सिम आणि मुंबईतली विमानतळाची ये-जा धरून एकूण चोवीस हजारांच्या घरात. रोख रिंगिट थोडे जवळ असू द्या, छोट्या टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही. आणि तिकीट काढण्याआधी पासपोर्टची मुदत पोहोचायच्या तारखेपासून सहा महिने तरी आहे का, आणि व्हिसामाफी त्या तारखेला लागू आहे का, हे दोन्ही बघून घ्या.