रात्रीचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं

चार वर्षं मी रक्तदाबाच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतल्या. आधी टेल्मिसार्टन, मग जोडीला अ‍ॅम्लोडिपिन, मग क्लोरथॅलिडोन. दर वेळी गोळी वाढायची आणि सकाळचा आकडा मात्र १५० च्या वरच असायचा. "मीठ कमी करा, ताण घेऊ नका" हे इतक्यांदा ऐकलं, की मीच कुठेतरी चुकतेय असं वाटायला लागलं होतं. तीन औषधं पूर्ण मात्रेत, त्यातलं एक लघवी वाढवणारं, आणि तरी दाब आवाक्यात नाही, याला डॉक्टर 'रेझिस्टंट हायपरटेन्शन' म्हणतात. अशा रुग्णांत झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, खूप जणांना असतो. मला हे पाचव्या वर्षी कळलं. त्याआधीच्या एकाही तपासणीत "झोप कशी लागते?" असं कुणी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मीही सांगितलं नाही. घोरण्याची लाज वाटायची. रात्री तीनदा लघवीला उठायचे, त्याचा दोष पाण्याच्या गोळीला दिला. सकाळी डोकं जड असायचं. मी प्रुफं वाचते. दुपारी एकच ओळ चार-चार वेळा वाचूनही डोक्यात शिरायची नाही, तेव्हा वय झालं असं समजले. बावन्नावं चालू होतं.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. रिपोर्टवर 'ईएफ ६०%' दिसलं, म्हणजे हृदय रक्त चांगलं ढकलतंय, म्हणून मी तो घडी घालून ठेवून दिला. नव्या डॉक्टरांनी मात्र खालच्या ओळी वाचल्या. डाव्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर, म्हणजे असायला हवी त्यापेक्षा जाड. डावा कर्णिका-कप्पा, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, थोडा मोठा. आणि 'ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन'. त्यांनी समजावलं, की तुमचं हृदय आवळतं छान, पण सैल होताना अडखळतं. जाड झालेला स्नायू ताठर असतो, तो भराभर सैल होऊन रक्त भरून घेऊ शकत नाही. ईएफमध्ये हे दिसतच नाही. पुढचा प्रश्न त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारला, "या झोपेत श्वास घ्यायच्या थांबतात का?" नवरा म्हणाला, "थांबते. मी मोजत बसतो."

झोपेच्या चाचणीत तासाला ३८ वेळा श्वास अडकत किंवा मंदावत होता (३० च्या वर गेलं की आजार तीव्र धरतात). रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरत होता. दंडाला चोवीस तास पट्टा बांधून बीपी मोजलं, तेव्हा दिवसाची वरची सरासरी १४६ आणि रात्रीची १५१ आली. निरोगी माणसाचा दाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. माझा चढत होता.

असं का होतं ते कळल्यावर मी नाक-तोंड दाबून श्वास आत ओढायचा प्रयत्न करून पाहिला. छाती आतून खेचली जाते. घसा मिटलेला असताना रात्रभर तेच चालतं. छातीतला दाब एकदम घसरतो, त्या खेचेविरुद्ध हृदयाला आवळावं लागतं, वर ऑक्सिजन कमी. शेवटी मेंदू दचकून जागा करतो तेव्हा रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब उसळतो. तासाला ३८ वेळा. भिंत जाड होणार नाही तर काय! त्या खेचेने ताणला गेलेला कर्णिका-कप्पा एक संप्रेरक सोडतो, ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगतं. रात्रीचं उठणं त्यामुळेही होतं. गोळीवर मी उगाच सगळा ठपका ठेवला.

यावर उपाय म्हणून सीपॅप मिळालं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन. मला वाटलं होतं, सीपॅपचा मास्क लावला की गोळ्या सुटतील. तसं नसतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच रुग्णांना आळीपाळीने सीपॅप आणि वल्सार्टन ही रक्तदाबाची गोळी दिली होती. चोवीस तासांचा सरासरी दाब सीपॅपने साधारण २ अंकांनी उतरला, गोळीने ९ अंकांनी. म्हणजे दाब उतरवायचं मुख्य काम गोळीचंच. पण गोळी घसा उघडा ठेवत नाही. माझ्यासारख्या हट्टी रक्तदाबावर स्पेनमध्ये अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये आला. तिथे सीपॅपने सरासरी ३ अंक उतरले आणि रात्री दाब खाली येणाऱ्यांची संख्या वाढली. जे जास्त तास मास्क लावत, त्यांना जास्त फायदा.

हे तासांचं प्रकरण मला फार जड गेलं. पहिले दोन महिने मी झोपेतच मास्क काढून टाकायचे. मशीन सकाळी दाखवायचं, २ तास ४० मिनिटं. कडेने हवा सुटायची, घसा कोरडा पडायचा. दुसऱ्या मापाचा मास्क आणि हवा दमट करणारं भांडं मिळाल्यावर सहा तासांवर आले.

मधल्या काळात चौथी गोळी आली, स्पायरोनोलॅक्टोन. टेल्मिसार्टनसोबत ती घेताना रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं, म्हणून आठवड्याने आणि मग महिन्याने रक्त तपासलं. ही तपासणी कुणी टाळू नये, अशी कळकळीची विनंती.

आता वर्ष झालं. दिवसाची सरासरी १३२, रात्रीची १२३. अजून १० टक्के उतरत नाही, पण चढत तरी नाही. भिंत १२ आली. डॉक्टर म्हणाले, एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, एवढ्यात आनंद नको. अ‍ॅम्लोडिपिन निम्मी केली, तिच्यामुळे आलेली घोट्यांची सूज उतरली. बाकीच्या गोळ्या तशाच आहेत.

माझ्या धाकट्या बहिणीची हनुवटी माझ्यासारखीच मागे आहे (अशा ठेवणीत झोपेत घसा लवकर मिटतो), आणि गेल्या महिन्यात तिला रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू झाली. मी तिला फोन करून आधी झोपेचंच विचारलं. येत्या शुक्रवारी तिची झोपेची चाचणी आहे.