काका गेले म्हणजे कुठे गेले?

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पोलीस डिस्पॅचचा, म्हणजे कंट्रोल रूमचा, फोन आला. कुटुंब भारतीय आहे, आजींना इंग्रजी येत नाही, लगेच येता का?

मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या पोलीस खात्याचा स्वयंसेवक चॅप्लिन, म्हणजे वाईट प्रसंगी माणसांना आधार द्यायला बोलावतात तो. याला मराठीत शब्द नाही. गुरुजी म्हणावं तर मी पूजा सांगत नाही, उलट कुणी विचारल्याशिवाय देवाचं नावही काढायचं नाही असा नियम. न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे चॅप्लिन फादर मायकल जज ११ सप्टेंबर २००१ ला जवानांसोबत वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये होते. त्या दिवसाच्या बळींत अधिकृत नोंद पहिली त्यांची झाली. माझं काम त्यामानाने घरगुती. पगार नाही, एक जॅकेट, एक ओळखपत्र आणि बसून राहायची तयारी.

हॉलमध्ये कार्पेटवर चादरीखाली काका. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मुलगा कामासाठी कॅलिफोर्नियात, ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन सुनेने केला. अँब्युलन्सच्या लोकांनी अर्धा तास छाती दाबली, मग डॉक्टरांशी फोनवर बोलून मृत्यू जाहीर केला. काकूंना आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं.

"मला नाही जमणार सांगायला, दादा," सून म्हणाली.

प्रशिक्षणात एक गोष्ट बजावून सांगतात: आडवळणाने बोलू नका. 'ते आता आपल्यात नाहीत' वगैरे चालत नाही, 'डाइड' असंच म्हणायचं. मी काकूंसमोर बसलो आणि तोंडून निघालं, "काकू, काका गेले."

"कुठे गेले? दवाखान्यात नेलं का?"

खिडकीबाहेर अँब्युलन्सचे लाल दिवे फिरत होते. चूक काकूंची नव्हती. 'मेले' म्हणायला जीभ रेटेना. "काकू, काका वारले," मी म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मी निदान दहा मिनिटं काही बोललो नाही.

मग त्या उठल्या. देव्हाऱ्यातला गंगाजलाचा गडू घेतला, कुंडीतलं तुळशीचं पान तोडलं, आणि चादर बाजूला केली तर काकांच्या तोंडात श्वासाची नळी तशीच. असा घरात अचानक मृत्यू झाला की मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, ऑफिसातून मोकळीक मिळेपर्यंत नळी काढता येत नाही. इथला नेहमीचा डॉक्टर असता तर त्याच्या सहीवर लवकर सुटलं असतं; काका पाहुणे, त्यांचा इथे डॉक्टर कुठला? दारातला पोलीस कानकोंडा होऊन माझ्याकडे बघायला लागला. सातारच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावून बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी असं सगळं मी एक्झामिनरच्या ऑफिसला फोनवरूनच इंग्रजीत सांगत राहिलो. दोन तास गेले. काकू पान मुठीत धरून बसल्या होत्या. नळी निघाली तेव्हा ते पार काळं पडलं होतं. तेच ठेवलं.

घरात चूल पेटणार नव्हती. शेजारच्या गुजराती बाईंनी थर्मासभर चहा आणला.

छाती दाबणारा पोरगा तोवर ड्यूटी संपवून, कागदपत्रांचं निमित्त काढून, परत आला होता. पंचविशीचा असेल. पायरीवर बसून हाताचे पंजे उघडमीट करत होता. म्हणाला, "बरगड्या मोडल्याचा आवाज आला. तिला ऐकू गेला असेल?" बरगड्या मोडतातच, त्यालाही ठाऊक होतं. ते समजावत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी नुसता शेजारी बसलो.

काकू दारात आल्या, त्याच्याकडे बघून मला म्हणाल्या, "याला विचार रे, हात भरून आले असतील ना? केवढा दाबत होता! मी फटीतून बघत होते."

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. त्याने चहाचा कागदी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात काखेत दाबून घेतले. काकू आत गेल्या.

साडेनऊला घरी पोचलो. बायको गॅरेजच्या दारातूनच म्हणाली, "कशाला शिवू नकोस, आधी अंघोळ."