हॉलमधलं पटिंग: उन्हाळा ते आषाढ

या वेळची नोंद जवळजवळ सगळी पटिंगची आहे, म्हणजे गोल्फमध्ये ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याची. त्या फटक्याला पट म्हणतात, त्याच्या काठीला पटर. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या काठीने, मारलेला चेंडू अजूनही उजवीकडेच पळतो, त्याबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही.

नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत गोल्फ हा पहाटेचाच खेळ. ऊन चढलं की घामाने काठीची ग्रिप हातात फिरते, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की कोर्सवर चिटपाखरूही दिसत नाही. त्यात मी ओळखीच्या सदस्यासोबत पाहुणा म्हणून जाणारा, मला एरवीही फेऱ्या मोजक्याच मिळतात. म्हणून ठरवलं की यंदाचा उन्हाळा घरातच काढायचा, स्विंगला हात लावायचा नाही आणि फक्त लक्षावर काम करायचं.

लक्षावर काम म्हणजे माइंडफुलनेस, चालू क्षणावर मन ठेवणं. ते म्हटलं की लोकांना शांत चेहऱ्याने मैदानभर फिरणारा माणूस आठवतो. माझी ओळख वेगळ्या वाटेने झाली. काही वर्षांपूर्वी नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं, तेव्हा पटर हातातही धरला नव्हता. तिथे पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीशी जागा, आणि तिथून येणारा-जाणारा श्वास. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. मन पळालं की चिडचिड न करता परत आणायचं. अशी साधना चेंडू भोकात घालायला वापरणं तिथल्या आचार्यांना कितपत रुचेल कोण जाणे! पण मन नेमकं कधी पळालं हे पकडायची सवय तिथेच लागली, आणि पटिंगमध्ये नेमकी तीच लागते.

कारण पटच्या वेळी मन पळतं ते एकाच दिशेला, होलकडे. चेंडू गेला की नाही हे बघायची घाई होते, आधी डोळे वळतात, मग डोकं, मग खांदा, आणि पटरचं तोंड उघडतं, म्हणजे उजवीकडे वळतं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी दोनेक सेकंद चेंडूवर टिकते, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथल्या रिकाम्या गवतावर राहते. कच्च्या खेळाडूची नजर चेंडू आणि होल यांच्यात भिरभिरत असते.

यावरून मी एक हिशोब मांडला. मी शंभराच्या आसपास खेळतो, म्हणजे अठरा होलच्या फेरीला साधारण शंभर फटके. एका फटक्याला दोन सेकंद धरले तर चार तासांच्या फेरीत जेमतेम साडेतीन मिनिटं खरं लक्ष लागतं. बाकीचा वेळ चालण्यात, चेंडू शोधण्यात आणि गप्पांत जातो. म्हणून फेरीभर सजग राहा, पावलागणिक श्वास बघा हे सल्ले मला पटत नाहीत. दहाव्या होलपर्यंत माणूस थकतो. गप्पा मारा, फुटाणे खा, फक्त त्या दोन सेकंदांना घरी असा.

आता घरची मांडणी. हॉलमध्ये दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, म्हणजे तीन टाइल्सना सहा फूट, मोजपट्टी लागत नाही. उभा सांधा रेषा दाखवतो, आडवा सांधा पटरचं तोंड सरळ आहे का ते दाखवतो. चेंडू सांध्यावर ठेवू नका, खाचेत अडखळतो. बोटभर बाजूला, सांध्याला समांतर ठेवा. होलच्या जागी स्टीलचं फुलपात्र आडवं, मागून उशी लावलेली. होलचा व्यास १०८ मिमी असतो, माझ्या फुलपात्राचं तोंड साधारण ७५. चेंडू जवळपास ४३ मिमीचा. खऱ्या होलमध्ये हळू आलेला चेंडू मध्यापासून ५४ मिमी सरकला तरी काठावरून आत पडतो, फुलपात्रात १६ मिमीच्या वर चालत नाही. सहा फुटांवर हे अंशात काढलं तर होलला पावणेदोन अंशांपर्यंतची चूक खपते, फुलपात्राला अर्ध्या अंशापर्यंतची. फुलपात्रात निम्मे जरी गेले तरी ग्रीनवर होल परातीएवढं वाटतं.

(आमच्या हॉलला बाल्कनीकडे किंचित उतार आहे हे इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं. चेंडूने दाखवलं. आता पट उताराच्या आडवा न मारता उताराच्या दिशेनेच मारतो.)

नजर बांधायला नाणं. मुलगी चेंडूखाली रुपयाचं नाणं ठेवते, छाप वर की काटा ते मला न सांगता. पट मारल्यावर मी मान न हलवता आधी ‘छाप’ किंवा ‘काटा’ म्हणायचं, मगच वर बघायचं. चेंडू आत गेला की नाही हे कानांना कळतंच. मधोमध आला तर फुलपात्र टणकन वाजतं, काठाला लागला तर खट्. सुरुवातीला नाणं दिसायचंच नाही. दिसायचा तो पळणारा चेंडू. आता छाप-काटा बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि ज्या पटला तो चुकतो तो पट बहुधा उजवीकडेच गेलेला असतो. बाबा कूलरसमोर पेपर वाचता वाचता एवढंच म्हणाले, “काहून रे, फरशी फोडून राहिला का?”

श्वासाबद्दल एक सांगायला हवं. पट मारताना श्वास बघत बसू नका, हात आखडतात. चेंडूच्या मागे उभं राहून रेषा बघताना एक श्वास आत, एक बाहेर, तेवढा पाहायचा. पाय रोवले की श्वास सोडून द्यायचा आणि लक्ष नजरेला द्यायचं. गोल्फच्या २०१९ च्या नियमांनी फटका चाळीस सेकंदांत मारण्याची शिफारस केली आहे. हे सगळं त्यात आरामात बसतं, सोबतचे खोळंबत नाहीत.

टाइलवर दिशा शिकता येते, वेग नाही. टाइलवर चेंडू फारच पळतो. वेगासाठी दोन सतरंज्या एकापुढे एक अंथरल्या. पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ, जे आधी नासात होते, त्यांचा हिशोब असा की हुकलेला पट होलच्या पुढे साधारण १७ इंच जाऊन थांबावा. म्हणजे जवळपास दोन विती. तिथे खडूची रेघ मारली. मग डोळे मिटून पट मारायचा आणि डोळे उघडण्याआधी सांगायचं, अपुरा, बरोबर की जास्त. चेंडू कुठे थांबला यापेक्षा माझा अंदाज आणि चेंडू यांच्यातलं अंतर मी जास्त बघतो. विपश्यनेतल्या संवेदना पाहण्याच्या सवयीचा इथे थेट उपयोग होतो, तळहाताला लागलेला ठोका पुरेसा बोलतो. उन्हाळ्याअखेर अंदाज बऱ्यापैकी जुळायला लागला होता.

पाऊस झाल्यावर आषाढात कोर्सवर गेलो. ग्रीन ओलं, गवत वाढलेलं, आणि माझे पहिले काही होल सगळेच पट अपुरे. रेषेवर, पण अपुरे. कॅडी (काठ्यांची पिशवी वाहणारा) दादा म्हणाला, “सर, डोकं तर आता हालून नाही राहिलं. जरा दम लावा ना.” सतरंजीचा वेग हातात बसला होता, तो काढायला नववा होल उजाडला. पण सतरंजीला दोष नाही. चेंडू थांबण्याआधीच तो अपुरा आहे हे मला कळत होतं, म्हणून दुरुस्ती तरी करता आली. पूर्वी फक्त आश्चर्य वाटायचं.

स्कोअर तिथेच आहे, शंभराच्या थोडा अलीकडे-पलीकडे. थ्री-पट (एका होलला तीन पट लागणं) मात्र उघडच कमी झाले, आणि चार-पाच फुटांवर पोटात जो गोळा यायचा तो येतो पण पटर हलवत नाही. आठ फुटांवरून हुकले की आता जीव जळत नाही. पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतले अव्वल व्यावसायिक, लोकसुद्धा तिथून निम्म्याच्या आसपास घालतात.

ज्यांना पटिंग मॅट घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी. चढ असलेली, चेंडू परत पाठवणारी मात्र घेऊ नका, जोरात मारायची खोड लागते.

आता गच्चीवर चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळून चेंडू थोडा उचलून मारण्याचा सराव, सुरू केलंय. काथ्याचं पायपुसणं आणि छिद्रांचे प्लास्टिकचे चेंडू. पायपुसण्यावरून वेज (चेंडू उचलणारी तिरक्या तोंडाची काठी) छान लागते, पण पायपुसणं दुसऱ्याच फटक्याला सरकतं, म्हणून कडेला दोन विटा ठेवल्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारची झोप लागते, तेव्हा सराव सकाळीच. गणपती झाले की त्याची नोंद टाकतो.