रत्नागिरी ते बार्सिलोना: क्रूझचं जहाज गाठेपर्यंतचा प्रवास

बार्सिलोनाहून संध्याकाळी सुटणाऱ्या जहाजाचं चेक-इन सुटण्याच्या तास-दोन तास आधी बंद होतं. नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती उलटली की कुणासाठी दार उघडत नाही. त्यामुळे कोकणातून निघणाऱ्या कुटुंबाने सगळी आखणी या वेळेपासून मागे मोजत करावी. जहाज रविवारचं असेल तर शनिवारी दुपारी बार्सिलोनात उतरायचं. त्यासाठी शनिवारी पहाटेचं मुंबईचं विमान, म्हणजे शुक्रवारी रात्री विमानतळ, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत मुंबईत. घरातून निघायचं ते गुरुवारी.

तारखेचा घोळ इथेच होतो. आखातातून जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १६ तारीख, ०३:५५ असं असलं तर विमानतळावर १५ तारखेच्या रात्री बाराच्या आत हजर राहावं लागतं. १६ तारीख बघून १५च्या रात्रीच्या कोकणकन्याचं आरक्षण केलं, तर ती गाडी मुंबईत शिरेपर्यंत विमान उडून गेलेलं असतं.

विमान आदल्या दिवशीच पोचणारं हवं, यात तडजोड नको. जहाज कंपनीच्या पॅकेजमधूनच विमान घेतलं असेल तर उशिराची जबाबदारी बरीचशी तिच्यावर जाते. वेगळं काढलं असेल तर पुढच्या बंदरावर स्वखर्चाने जायचं, तेही कंपनीने परवानगी दिली तर. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द काही तासांसाठी बंद केली, तेव्हा दोह्यामार्गे निघालेल्या कितीतरी लोकांचं वेळापत्रक कोलमडलं. हॉटेलची एक रात्र त्यापेक्षा स्वस्त.

व्हिसा

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, पण तिच्यावर विसंबू नये. मे महिन्याच्या सुट्टीचा बेत असेल तर मुंबईतल्या अपॉइंटमेंट मार्चमध्ये मिळणं कठीण. जानेवारीत हालचाल सुरू करावी. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आत काही नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्याची तारीख आधी तपासा.

क्रूझवाल्यांना दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला: अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे जास्त दिवस तिथे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे आधी पाऊल पडणार तिथे. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया, पालेर्मो अशा फेरीत इटलीची बंदरं जास्त भरतात. बार्सिलोनात आधी आणि नंतर मुक्काम जोडला तर पारडं स्पेनकडे झुकतं. कागदावर दिवसवार तक्ता करून जहाजाच्या बुकिंगसोबत जोडावा.

दुसरा प्रश्न एकदाच की अनेकदा प्रवेशाचा. जहाज वाटेत तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा माँटेनेग्रोला लागत असेल तर ते शेंगेनबाहेर जाऊन परत येतं. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना अडचण, किंबहुना जहाजावर चढतानाच अडवतात. ग्रीस, माल्टा आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्येच आहेत. बाहेरच्या देशाचा स्वतःचा व्हिसा लागतो का, हेही पाहावं लागतं. फेरी पूर्ण शेंगेनमधली असली तरी अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागावा.

नावाबद्दल एक. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, कुणाचा आडनावाचा रकाना रिकामा असतो. विमानाचं तिकीट, जहाजाचं बुकिंग आणि व्हिसा या तिन्हींवर पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच नाव हवं. एजंटला फोनवर नाव सांगू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.

घर ते सहार विमानतळ

रत्नागिरी, कणकवली, कुडाळहून रात्रीची कोकणकन्या किंवा दिवसाची मांडवी या नेहमीच्याच गाड्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दोन्ही सीएसएमटीला जातात आणि तिथून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाते. पण सहा जण, सहा मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबा असतील तर ठाण्याला उतरून मोठी टॅक्सी करणं बरं. शिवाय मेट्रो रात्रभर चालत नाही.

जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. दरड आली तर सगळंच थांबतं: जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून मार्ग जवळपास दिवसभर बंद होता. पावसाळ्यात विमानाच्या दोन दिवस आधी मुंबई गाठावी. महामार्गाने जाऊ म्हणणाऱ्यांनी घाटांची आणि अर्धवट पुलांची आठवण ठेवावी. गणपतीच्या आधी प्रवास असेल तर जाताना अडत नाही, कारण तेव्हा गर्दी मुंबईहून कोकणाकडे असते. परतीचं विमान चतुर्थीच्या आठवड्यात उतरत असेल तर गावी जायची गाडी आधी पक्की करा.

सावंतवाडी-बांदा भागातल्यांना गोव्यातला मोपाचा विमानतळ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तिथून मुंबईमार्गे जायचं तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. दोन वेगळी तिकिटं असली तर मुंबईत बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, कधी टी-१ वरून टी-२ ला रस्त्याने जावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. मधे किमान सहा तास ठेवा.

सामानात काय नको

सुकं खोबरं विमानात चालत नाही, पोटातल्या बॅगेतही नाही. तेलकट असल्याने ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. लोणचं हातातल्या बॅगेत नेलं तर सुरक्षा तपासणीत जातं. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे आणि घरच्या मालवणी मसाल्यात ती असतेच. दुबई-अबुधाबीमार्गे जाताना मसाला घरीच राहू द्या. सामान थेट पुढे जातं हे खरं, पण पुढचं विमान चुकलं आणि रात्रभर तिथे थांबायची वेळ आली तर बॅग घेऊन बाहेर पडावं लागतं.

युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत: तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. हापूससाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणजे घरची पेटी नेण्याचा विचार सोडा. चिवडा, खाकरा, लाडू (तुपाचे नव्हेत) चालतात. जहाजावर इस्त्री, पाण्याची किटली, हीटरची कांडी बंद. तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. शाकाहारी जेवण मिळतं, जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं. विमानात पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

दोहा आणि पुढे

मुंबई-दोहा साडेतीन तास, दोहा-बार्सिलोना सुमारे सात. मधे अडीच-तीन तास असावेत. दोह्यात पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि आजोबांना प्रसाधनगृह, मुलांना पाणी यात वेळ जातो. व्हीलचेअर फुकट असते, ४८ तास आधी नोंदवा. ती घेण्यात कमीपणा मानणारे ज्येष्ठ लोक लांबच लांब गल्ल्या चालून युरोपात पोचेपर्यंत थकतात.

युरोपची नवी प्रवेश-नोंद १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवतात, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला रांग जास्त वेळ घेते. परतीचं तिकीट, हॉटेल आणि जहाजाच्या बुकिंगची छापील प्रत हाताशी ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

विमानतळ ते क्रूझ बंदर अंतर साधारण पंधरा किलोमीटर. साध्या टॅक्सीत चार जण बसतात. सहा जणांना दोन टॅक्सी किंवा आधी ठरवलेली व्हॅन. एकटे-दुकटे असाल तर एअरोबसने प्लासा कातालुन्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी बंदरावर जाताना टर्मिनल कोणतं ते पाहा: काही जहाजं कोलंबसाच्या स्तंभाजवळच्या धक्क्याला लागतात, बहुतेक मोल आदोसातला. तो धक्का लांब आहे, स्तंभाजवळून बस मिळते. बॅगा ओढत चालू नका.

ऑनलाइन चेक-इनमध्ये चढण्याची वेळ निवडावी लागते, दुपारी बारा-एकची घ्या. टॅग लावलेल्या बॅगा हमालांकडे दिल्या की त्या संध्याकाळी खोलीपाशी येतात. पासपोर्ट, औषधं, मुलांचे पोहायचे कपडे त्या बॅगांत गेले तर पंचाईत. पासपोर्ट आत गेला तर चढताच येत नाही. जहाज निघाल्यावर फोन विमान मोडवर टाका. समुद्रातलं मोबाइल नेटवर्क आपोआप जोडलं जातं आणि बिल गावी येतं.

परतताना सकाळी सात ते नऊच्या दरम्यान उतरवतात. बार्सिलोनाहून दुपारी एकनंतरचं, चिवितावेक्कियाहून रोमच्या फ्युमिचिनोला जायचं असेल तर तीननंतरचं विमान धरा. तिथून विमानतळ सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे आणि ट्रेन ट्रास्तेव्हेरेला बदलावी लागते. मुंबईत पहाटे साडेतीनला उतरणाऱ्यांनी पाचच्या सुमाराची जनशताब्दी धरायला जाऊ नये. बॅगाच पाऊण तास घेतात. मांडवीचं आरक्षण करा, तीही चुकली तर रात्री कोकणकन्या आहे.