फियाटच्या दरवाजांवरचं जुनं सोल्युशन

आमची फियाट 1986 ची. कागदावर 'प्रीमियर पद्मिनी', कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षं भरली म्हणून बंद झाली. ती बातमी वाचून बाबा म्हणाले, "आपली तरी नीट करून घे रे."

इंजिन गॅरेजवाल्यांनी बघितलं. दरवाजे माझ्या वाट्याला आले. बाबांनीच कधीकाळी हौसेनं दरवाजांच्या लाल रेक्झिनवर मखमली कापड चिकटवलं होतं, चपलांना लावतात त्या पिवळ्या सोल्युशननं. कापड ओढताच हातात आलं, सोल्युशन तिथंच राहिलं. कडेला वाळून खपल्या धरलेल्या, मध्ये मात्र काकवीसारखं. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, ते वर्षानुवर्षं झिरपून या गोंदात उतरतं, म्हणून तो असा ओला राहतो.

कुशनवाले म्हणाले, "नवीन रेक्झिन मारून देतो, दोन दिवसांत." पण त्यांच्याकडच्या एकाही नमुन्याला आमच्या रेक्झिनसारखा दाणेदार पोत नव्हता.

मग मी शहाणपणा केला. घरात रंगकामातला थिनर पडला होता. फडक्यावर घेतला, घासला. गोंद निघाला, फडकंही लाल झालं! हातटेकूच्या खाली रुपयाएवढी जागा गुळगुळीत, पांढुरकी झाली. थिनर गोंदाबरोबर रेक्झिनचा वरचा थरही विरघळवतो. आधी कुठंतरी मागच्या बाजूला लावून बघायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं.

दुसऱ्या दिवशी दरवाजाचं आतलं, रेक्झिन मढवलेलं पॅड उतरवलं. रेक्झिन हार्डबोर्डच्या मागे दुमडलेलं असतं, त्या दुमडीवर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन लावून पाहिलं. रंग सुटला नाही. मग गच्चीवर, उघड्यावर, हातमोजे घालून बसलो. जुन्या सुती साडीचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये भिजवून, पिळून, तळहाताएवढ्या जागेवर पाच मिनिटं ठेवायचा. जास्त नाही, नाहीतर रेक्झिन फुगतं. गोंद फुगला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं एकाच दिशेनं ओढायचा. सगळ्यात कामाला आली ती निघालेल्या गोंदाचीच गोळी. तिनं टिपत गेलं की उरलेला गोंद तिलाच चिकटून येतो. दाण्यांच्या खाचांत बसलेला मात्र मऊ टूथब्रशनंच निघाला. शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं. हार्डबोर्डला पाणी लागलं की तो फुगतो, आणि फुगलेलं पॅड दरवाजावर कधीच सरळ बसत नाही.

एका पॅडला चार संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी कोपऱ्यात एकदम मूळ लाल रंग वर आला, डाळिंबाच्या सालीसारखा. बाबा खुर्ची घेऊन बाजूलाच बसले होते. "हे कापड मीच लावलं होतं ना?" एवढंच म्हणाले.

थिनरचा डाग तसाच आहे. मागचे दोन दरवाजे अजून व्हायचेत. आणि "टर्पेंटाइनचा वास जाईपर्यंत मी गाडीत बसणार नाही," असं आईनं सांगितलंय. काचा उघड्या ठेवून आज नववा दिवस.