नकाशाचा दांडा

टल्साच्या आमच्या घरी पाहुणे आले, की चहा होईपर्यंत फ्रिजपाशी घुटमळतात. तिथे ओक्लाहोमाच्या आकाराचं एक मॅग्नेट आहे. ते बघून हमखास प्रश्न येतो, "तुमच्या राज्याला हा फ्रायपॅनचा दांडा कसला हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

ही टेक्ससने सोडून दिलेली जमीन आहे. लांबी सुमारे २७० किलोमीटर, रुंदी जेमतेम ५५.

१८२० साली मिसुरीला गुलामगिरीसकट अमेरिकी संघराज्यात घ्यायचं ठरलं. पारडं समान राहावं म्हणून गुलामगिरी नसलेलं मेन नावाचं राज्य करून घेतलं. मिसुरी सोडून पश्चिमेकडच्या उरलेल्या मुलखावर ३६ अंश ३० मिनिटं उत्तर अक्षांशाची रेघ मारली: वर गुलाम ठेवायचे नाहीत, खाली ठेवले तरी चालेल. १८४५ मध्ये गुलाम ठेवणारं टेक्सस आलं, तेव्हा हीच रेघ त्यालाही लागू झाली. पण टेक्ससचा दावा तर रेघेच्या बराच वरपर्यंत! १८५० च्या तडजोडीत केंद्राने त्याला एक कोटी डॉलर दिले आणि टेक्ससची उत्तर सीमा बरोब्बर त्या रेघेवर आणून ठेवली. गुलाम सोडण्यापेक्षा जमीन सोडलेली बरी, असा हिशेब. तिथे वावरणाऱ्या कोमांची लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

पुढे कॅन्ससची सीमा ३७ अंशांवर ठरली आणि मधला अर्धा अंश कुणाचाच राहिला नाही. नावच पडलं 'नो मॅन्स लँड'. नंतर लोक तिथे मातीच्या ढेकळांची घरं बांधून राहिले, पण ना कोर्ट, ना जमिनीचे कागद. १८९० साली ती पट्टी ओक्लाहोमाला जोडली.

त्याच १८५० च्या सौद्यात पळून गेलेल्या गुलामांचा कायदाही होता. मला तो जास्त अंगावर येतो. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. निवाडा करणाऱ्या केंद्राच्या कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केलं तर फी दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. का, तर हवाली करताना कागदपत्रं जास्त लिहावी लागतात म्हणे!

आणि ज्या रेघेसाठी टेक्ससने जमीन कापून दिली, ती १८५४ मध्ये संसदेनेच रद्द केली. कॅन्ससमध्ये गुलामगिरी हवी की नको, हे तिथल्या वस्तीने ठरवावं म्हणे. दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन तिथे धावली. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशी रेघ मारायचा अधिकार संसदेला मुळात नव्हताच.

दांड्यात आज तीन काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. मधलीचं नाव टेक्सस. कोलोरॅडोला जाताना तिथल्या गायमन गावाजवळ ती पाटी दिसली, तेव्हा नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, आपण रस्ता चुकलो.