तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुम्ही अजून इथे कसे?’

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. नाव हिब्रू, आडनाव कोकणातल्या गावाचं. हे दोन्ही ऐकलं की प्रश्न ठरलेला: “तुमचा देश झाला ना तिकडे, इस्रायल? मग तुम्ही अजून इथे कसे?” परवा दाताच्या डॉक्टरने विचारलं, माझ्या तोंडात कापूस असताना.

पूर्वी मी एडविन माँटेग्यूला पुढे करायचो. भारतमंत्री, आणि लंडनच्या त्या मंत्रिमंडळातला एकटा ज्यू. २० ऑगस्ट १९१७ ला त्याने हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचं धोरण जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी सहकाऱ्यांना टिपण धाडलं: तुर्कांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनला ज्यूंचं राष्ट्रीय घर ठरवलंत, तर उरलेल्या प्रत्येक देशात ज्यू परका होईल. ऑक्टोबरच्या बैठकीत त्याचा सवाल होता की, माझं घर तुर्की मुलखात असल्याचं तुम्हीच जगाला सांगितलंत, तर हिंदी लोकांशी तुमच्या वतीने मी कोणत्या तोंडाने बोलू? मग तो इकडे यायला निघाला, आणि २ नोव्हेंबरला त्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र ज्यू पुढारी रॉथशिल्डकडे गेलं. इतर देशांतल्या ज्यूंचे हक्क अबाधित राहतील, हे शेपूट त्याला लागलं ते अशा विरोधामुळेच. त्या शेपटावर मी उभा आहे, असं ऐटीत म्हणायचो.

पत्राला ७५ वर्षं झाली तेव्हा, १९९२ च्या नोव्हेंबरात, ठाण्यात माझं भाषण होतं. इस्रायलमधल्या बीरशेब्याची आत्या त्या वर्षी आली होती; पहिल्या रांगेत बसली. माझ्या खिशात तिचंच पत्र होतं, १९६२ सालचं, वडिलांना लिहिलेलं. तिचं लग्न एका इराकी घरात ठरलं होतं आणि लग्नाच्या नोंदणीच्या कचेरीत तिथले ज्यू धर्मगुरू, आम्ही बेने इस्रायल अस्सल ज्यू आहोत का या शंकेने, तिच्या आईची आई, तिची आई कोण, याचे पुरावे मागत होते. “दादा, नवगावला आपण तेल गाळायचो, वंशावळ कुठून आणू?” हे वाक्य मी माइकवरून वाचलं. आवाज थोडा कापराही केला. टाळ्या पडल्या.

रिक्षात बसेपर्यंत आत्या बोलली नाही. मग म्हणाली, “ते मी माझ्या भावाला लिहिलं होतं.” मी म्हटलं, लोकांना कळायला नको? “पुढचं का नाही वाचलंस? आम्ही जेरुसलेमला रस्त्यावर बसलो, भांडलो, चौसष्टला त्या धर्मगुरूंना नमवलं. पाहुणा असा भांडतो का रे?” घरी आल्यावर तिने पत्र मागून घेतलं. वडिलांच्या कागदांत आता नुसतं पाकीट आहे.

तेव्हापासून माँटेग्यू तितकासा पेलत नाही. तो लॉर्डाचा मुलगा. त्याची भीती खुर्चीचीही असेल. १९२४ ला गेला, त्यामुळे जर्मनीला आपलाच देश मानणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते त्याला पाहावं लागलं नाही. पण तेव्हाचा, चाळिशीतला मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, त्याच पत्रात तिथल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांना नुसतं ‘ज्यूंखेरीज इतर समाज’ म्हटलंय. त्यांना नागरी हक्क, धार्मिक हक्क, राजकीय हक्काचं नाव नाही. हेही मी त्या दिवशी बोललो होतो. आत्याने त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

इस्रायलला जायचा माझाही अर्ज एकदा भरून झाला होता. टाकला नाही. आईचे गुडघे, दुकान, आळस. यातलं नेमकं काय, ते मला आजही एका दमात सांगता येत नाही.

डॉक्टरने कापूस काढला. चूळ भरून मी म्हटलं, “रूट कॅनाल अर्धं राहिलंय ना.”